विजय साळगावकरने पापनिवेदन केले असते तर

दर वर्षी २ ऑक्टोबर जवळ आला की माझ्या फोनवर एकच विनोद निरनिराळ्या रूपांत येऊ लागतो. पणजीला सत्संगाला कोण कोण येणार, पावभाजी कुठे खायची, बसची तिकिटे जपून ठेवली का, अशी विचारणा शेजारी, सहकारी आणि चर्चमधले मित्रही करतात, आणि 'दृश्यम' पाहिलेल्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: त्यात आपले कुटुंब २ ऑक्टोबरला घरी नव्हते, पणजीला सत्संगाला होते, असे नायक सगळ्यांना पटवतो. गांधीजयंतीला एका चित्रपटाने चिकटवलेली ही दुसरी ओळख आता पुसली जाईल असे वाटत नाही. आम्हा कॅथलिकांच्या पंचांगात त्या तारखेला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे संरक्षक देवदूतांचा सण. प्रत्येक माणसामागे त्याला सांभाळणारा एक देवदूत उभा असतो, असे आम्हाला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले जाते. जिच्या हातून एक मुलगा मेला त्या आपल्या मुलीला वाचवण्यासाठी सबंध गावाच्या स्मरणशक्तीत फेरफार करणारा विजय साळगावकर हा बाप नेमका याच दिवसाचा आडोसा घेतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा जाणवली तेव्हा मी मनाशीच हसलो होतो, आणि नंतर मात्र ती मला सुखाने बसू देईना.

मागच्या वर्षी आमच्या धर्मग्रामातल्या तरुण मुलामुलींसमोर लोकप्रिय चित्रपटांविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. नाशिकरोडला चर्चच्या मागच्या सभागृहात वीस-बावीस जण जमले होते. मी फार तयारी करून गेलो होतो, पण बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच बारावीतल्या एका मुलीने विचारले, "अंकल, विजय साळगावकर कॅथलिक असता आणि कन्फेशनला गेला असता, तर फादरांनी पोलिसांना सांगितले असते का?" माझी सगळी टिपणे त्या एका प्रश्नाखाली दबली आणि उरलेला तास तिथेच गेला. खरे सांगायचे तर हा लेखही त्याच तासाचे लांबलेले उत्तर आहे.

तिच्या प्रश्नाचे सरळ उत्तर सोपे आहे. फादर सांगणार नाहीत, त्यांना सांगताच येणार नाही. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली देण्याच्या कन्फेशन या संस्कारात, ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही दबावाखाली बाहेर सांगता कामा नये, असा नियम आहे. १२१५ सालच्या लॅटेरन धर्मसभेने तो लेखी स्वरूपात घातला, आणि जो धर्मगुरू जाणूनबुजून तो मोडतो तो बहिष्कृत होतो. हिंदी चित्रपटांना हा नियम फार आवडतो, कारण त्यात आयते नाट्य असते: जाळीच्या एका बाजूला खुनी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या झग्यातले वृद्ध फादर, मागे मेणबत्त्या आणि ऑर्गन. पडद्यावर मात्र पापनिवेदन तिथेच संपते. माणसाने सांगितले, फादरांनी डोळे मिटले, घंटा वाजली. प्रत्यक्षात सांगणे हा त्या संस्काराचा मधला भाग आहे. आधी स्वतःच्या सदसद्विवेकाची तपासणी, मग खरा पश्चात्ताप, मग पुन्हा न करण्याचा निश्चय, मग उच्चार आणि त्यानंतर प्रायश्चित्त, असा तो क्रम असतो. क्षमा मिळाली म्हणून दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देण्याची जबाबदारी टळत नाही. जखय नावाच्या जकातदाराने येशूला घरी जेवायला घातले तेव्हा, ज्याला फसवून घेतले असेल त्याला चौपट परत करीन, असे तो आपण होऊन म्हणाला होता.

या मोजमापाने 'दृश्यम'चा शेवट पाहावा. मेलेल्या मुलाचे आईबाप, मीरा देशमुख आणि तिचा नवरा, यांच्यासमोर विजय येतो, एका आगंतुक पाहुण्याची गोष्ट सांगतो, हात जोडतो आणि क्षमा मागतो. नेमके काय घडले, मुलगा कुठे आहे, हे तो सांगत नाही. त्या दृश्यात पश्चात्ताप आहे यात मला शंका नाही. तिथे उच्चार मात्र नाही आणि भरपाई तर अजिबात नाही. मी मुलांना विचारले की त्याचे पाप नेमके कोणते. बहुतेकांनी खून म्हणून सांगितले. पण खून त्याने केलेलाच नव्हता, आणि मुलीच्या हातून जे झाले ते आईची आणि स्वतःची अब्रू वाचवताना झाले. स्वसंरक्षणात झालेला आघात आणि ठरवून केलेली हत्या यांत चर्चची शिकवण स्पष्ट फरक करते. खोटे बोलणे म्हणावे, तर पोलिसांच्या मारापासून लेकरांना वाचवणाऱ्या बापाला त्याबद्दल दगड मारायला माझा हात उठत नाही. माझ्या मते त्याचे खरे पाप जमिनीखाली आहे. मृतांना मूठमाती देणे हे आमच्याकडे सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक मानले जाते. भुकेल्याला अन्न देणे आणि बंदिवानाची विचारपूस करणे यांच्याच रांगेत ते बसते. विजयने त्या मुलाला पुरले खरे, पण प्रार्थनेशिवाय, नावाशिवाय, आईबापांच्या माघारी आणि अशा जागी की जिथे कोणाला कधी फूल ठेवता येणार नाही. २ ऑक्टोबरनंतर बरोबर एक महिन्याने, २ नोव्हेंबरला, आम्ही सर्व मृतांचा दिवस पाळतो. त्या संध्याकाळी दफनभूमीत प्रत्येक कबर धुऊन तिच्यावर मेणबत्त्या लावल्या जातात, आणि वर्षभर न भेटलेले नातेवाईक एकमेकांना तिथेच भेटतात. मीरा देशमुखला मेणबत्ती लावायला जागा नाही. तो मुलगा कसाही असो, हे दुःख त्याच्या वाईटपणाने कमी होत नाही.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. हा चित्रपट मुळात २०१३ सालचा मल्याळम. त्यातला नायक जॉर्जकुट्टी हा ख्रिस्तीच आहे, आणि आपण घरी नव्हतो हे सिद्ध करण्यासाठी तो जे कारण पुढे करतो ते म्हणजे तोडुपुळा इथले ध्यानशिबिर. निशिकांत कामत यांनी २०१५ साली हिंदी चित्रपट केला तेव्हा ध्यानाच्या जागी सत्संग आला. केरळमधली अशी ध्यानशिबिरे आत्मपरीक्षणासाठी असतात आणि तिथे पापनिवेदनाला रांगा लागतात. म्हणजे ज्या दोन दिवसांत आपण पापांची कबुली देत होतो असे जॉर्जकुट्टी जगाला पटवतो, त्याच दोन दिवसांत तो पाप झाकत असतो. लेखक-दिग्दर्शक जीतू जोसेफ यांनी हे हेतुपुरस्सर केले असेल की नाही हा वेगळा भाग, पण त्या बदलात मूळ कथेतला एक बोचरा काटा हिंदीत गळून पडला, हे मात्र मला नक्की वाटते.

माझ्या आजीला हे सगळे विवेचन फार चमत्कारिक वाटले असते. ती श्रीरामपूर भागातली. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला दर सप्टेंबरमध्ये चालत जाणारी. तिच्या पिढीत सिनेमा पाहणे हे पापनिवेदनात सांगण्याच्या गोष्टींपैकी एक होते. त्या भीतीला थोडा आधारही होता. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी एक परिपत्रक काढले होते आणि त्यात अनीतिमान चित्रपटांपासून दूर राहण्याचे वचन श्रद्धावंतांनी दर वर्षी द्यावे, असा आग्रह होता. रोमचा सूर पुढे बदलत गेला. १९५७ साली बाराव्या पायस यांनी चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांना देवाची देणगी म्हटले, आणि १९९५ साली, चित्रपटकलेला १०० वर्षे झाली तेव्हा, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादीच प्रसिद्ध केली. या यादीकडे मी लेखाच्या शेवटाकडे परत येणार आहे. आजीपर्यंत यातले काही पोहोचले नाही. तिने आयुष्यात मनापासून पाहिलेला एकच चित्रपट म्हणजे 'दयासागर'. मूळ तेलुगू आणि १९७८ सालचा हा येशूचरित्रपट उपवासकाळात गावोगाव पांढऱ्या पडद्यावर दाखवला जात असे. खिळे ठोकण्याच्या दृश्याला आमच्या गावातल्या हिंदू-मुसलमान बायकासुद्धा पदर तोंडाला लावून रडत. तो पाहणे हे पाप नव्हते, कारण तो चर्चच्या पटांगणात होता. आजीचा हिशेब असा साधा होता.

आणि तरीही सिनेमा परका, ही भावना नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने बाळगावी हा विनोदच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, इथून अवघ्या २८ किलोमीटरवर १८७० साली जन्मलेले. मुंबईला गिरगावात येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले, आणि आपली माणसे आपल्याला पडद्यावर कधी दिसतील या ध्यासाने त्यांना पछाडले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यानंतर फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि त्यांचे पुढचे बरेचसे चित्रपट याच गावात तयार झाले. १९४४ साली त्यांचा मृत्यूही इथेच झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तिथल्या हिरवळीवर बसून मी कित्येकदा विचार केला आहे की भारतीय चित्रपटाची ठिणगी एका ख्रिस्तपटाने पाडली आणि पहिली ज्योत सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावणाऱ्या राजाच्या कथेत पेटली. हरिश्चंद्राची गोष्ट स्मशानात पोहोचते, पत्नीच्या मानेवर शस्त्र उगारेपर्यंत जाते आणि तिथून मागे फिरते: मेलेला रोहिदास उठतो, राजाला सगळे परत मिळते. आपल्या चित्रपटाचा जन्म असा पुनरुत्थानाने झाला. पुढे आपण ते विसरलो.

इथे जरा आडवळणाला जातो. कॅथलिक माणूस हिंदी चित्रपटांविषयी बोलू लागला की लोक गृहीत धरतात की तो पडद्यावरच्या ख्रिस्ती पात्रांबद्दल तक्रार करणार. माझी तक्रार आहे, पण ती नेहमीची नाही. दारुडा मायकेल, आखूड कपड्यांतली रोझी, तस्कर रॉबर्ट यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला खटकते ते वेगळेच. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस कधी गायकवाड, साळवे किंवा पठारे नसतो. त्याची आई नऊवारी नेसत नाही, तो भाकरी खात नाही, त्याला ओवी येत नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या हजारो घरांत येशूची भजने टाळ-मृदंगावर म्हटली जातात, पण कॅमेऱ्याला ती घरे दिसलेली नाहीत. 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी मला तरीही प्रिय आहे. तो येशूशी भागीदारी करतो, कमाईतला अर्धा वाटा दानपेटीत टाकतो आणि बाकीचा स्वतःकडे ठेवतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे चुकीचे असले तरी आपल्यापैकी किती जण याहून वेगळा व्यवहार करतात? शिवाय ते नाव मजुर्डे गावच्या एका खऱ्याखुऱ्या गोमंतकीय व्हायोलिनवादकाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे आहे. निदान तेवढा एक ख्रिस्ती माणूस चित्रपटाने आदराने आठवणीत ठेवला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी गेल्या वर्षभरात जुने लोकप्रिय चित्रपट पुन्हा पाहिले, आणि मला एक गोष्ट दिसली जी आधी कधी दिसली नव्हती. आपल्या चित्रपटांना पाप चांगले समजते, पश्चात्तापही समजतो, पण पश्चात्ताप झालेल्या माणसाचे पुढे काय करायचे हे त्यांना कळत नाही. म्हणून ते त्याला मारून टाकतात.

'दीवार' घ्या. मी तो पहिल्यांदा वडिलांबरोबर पाहिला. वडील नोट प्रेसमध्ये कामाला होते, आणि त्यातला नायक, गोदी कामगार विजय, याच्या बिल्ल्यावर त्यांचा जीव होता. देवळाची पायरी न चढणारा मुलगा मोठेपणी आईसाठी शंकरासमोर उभा राहून देवाशी भांडतो, ते दृश्य सगळ्यांच्या स्मरणात आहे. ते ऐकताना मला बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी गाऱ्हाणी आठवतात, आणि मी तर म्हणेन की विजयने आयुष्यात केलेली ती एकमेव प्रार्थना आहे. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट लोक विसरतात. प्रेयसी अनिता गरोदर असल्याचे कळल्यावर विजय ठरवतो की लग्न करायचे, पोलिसांच्या स्वाधीन व्हायचे आणि शिक्षा भोगायची. आपल्या लेकराच्या हातावर बापाच्या पापाचे गोंदण नको, हे त्याला उमगलेले असते. म्हणजे तपासणी झाली, पश्चात्ताप झाला, निश्चयही झाला. उरले होते ते फक्त जाऊन सांगणे. नेमक्या त्याच वेळी पटकथा अनिताला मारते, विजय सूडाला निघतो आणि शेवटी भावाच्या गोळीने घायाळ होऊन देवळात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. क्रुसावरून उतरवलेल्या पुत्राला मांडीवर घेतलेली मरिया आमच्या चर्चच्या भिंतीवर क्रुसाच्या वाटेतल्या तेराव्या स्थानी आहे, आणि निरूपा रॉय यांना तशा मुद्रेत पाहताना माझ्या घशाशी दरवेळी आवंढा येतो. तरी मनाला एक प्रश्न टोचतोच: विजय तुरुंगात गेला असता, दहा-बारा वर्षांनी सुटला असता, पोक्त वयात गोदीवर परत आला असता, तर त्याची गोष्ट सांगण्यासारखी उरली नसती का?

'मदर इंडिया'मध्ये तर आईच मुलाला गोळी घालते. बिरजूने गावाच्या लेकीला पळवले, म्हणून राधा बंदूक उचलते आणि मग त्याच्या रक्ताने माखलेल्या देहाला कवटाळते. न्याय म्हणून ते भव्य आहे. पण उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप सगळे उधळून परतणारा मुलगा दूर असतानाच त्याला ओळखतो आणि म्हातारपणी धावत सुटतो, आणि मी त्या दाखल्यावर वाढलेलो असल्यामुळे मला राधाच्या हातातली बंदूक दरवेळी जड वाटते.

शुभवर्तमानात गुरूला दगा देणारे शिष्य दोन आहेत. यहूदाने पैसे घेऊन त्याला पकडून दिले आणि पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा त्याला नाकारले. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने पैसे मंदिरात फेकले आणि गळफास घेतला. पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडला, आणि नंतर जगला. त्याला पुढे सरोवराच्या काठावर, ज्याला नाकारले त्याच्याच समोर बसून मासे-भाकर खावी लागली आणि "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न तीनदा ऐकावा लागला. मरण्यापेक्षा हे फार अवघड असले पाहिजे. आपल्या पडद्याला यहूदाचा शेवट मानवतो, पेत्राची न्याहारी त्याला दाखवता येत नाही.

हे सगळे मी पडद्याच्या माथी मारत असलो तरी दोष प्रेक्षागृहातही आहे, आणि त्या प्रेक्षागृहात मी बसलेला होतो. 'सिंघम' आला तेव्हा, २०११ साली, मी भाच्यांना घेऊन गेलो होतो. शेवटी सगळे पोलीस एकत्र येऊन खलनायक जयकांत शिक्रेला ठार करतात आणि वर प्रकरण साजरेसे करून टाकतात, तेव्हा चित्रपटगृह शिट्ट्यांनी दुमदुमले आणि त्यातली एक शिट्टी माझी होती. काही महिन्यांनी गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमच्याकडे येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत संवादरूपाने वाचतात: एक जण निवेदक, धर्मगुरू येशूच्या जागी, आणि येशूऐवजी बरब्बा या कैद्याची सुटका मागणाऱ्या जमावाचे शब्द सगळ्या मंडळीने म्हणायचे. "बरब्बाला सोडा" आणि "त्याला क्रुसावर खिळा" हे आम्हीच म्हणतो, दर वर्षी, मोठ्या आवाजात. त्या वर्षी ते शब्द उच्चारताना मला माझी शिट्टी ऐकू आली. शिक्रे म्हणजे येशू नव्हे, हे मला कळते. पण जमाव तोच होता आणि त्याला लागलेली चवही तीच होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद बदलून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य नाही असे स्पष्ट केले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी भाविकांना ते पचले नाही. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न चुकता येणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "पोपसाहेबांनी हिंदी पिक्चर पाहिलेले दिसत नाहीत."

एवढे लिहून झाल्यावर मला माझ्याच क्षमेच्या भाषेचा संशय येतो, आणि तो येण्याचे कारण 'फँड्री' हा चित्रपट आहे. नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटात डुक्कर पकडणाऱ्या घरातला जब्या शेवटी हातात दगड घेतो आणि तो सरळ आपल्या दिशेने भिरकावतो. पडदा काळा होतो. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीभोवती जमलेल्यांना येशू म्हणाला होता की तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, आणि वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून गेला. त्या गोष्टीत दगड बलवानांच्या हातात होते. 'फँड्री'त तो ज्याच्यावर आजवर सगळे हसले त्या पोराच्या हातात आहे, आणि त्याला "दगड टाकू नकोस" असे सांगण्याचा अधिकार मला कुठून आला, हे मला ठरवता येत नाही. आमच्या धर्मप्रांतातली बहुसंख्य कुटुंबे गावकुसाबाहेरूनच चर्चमध्ये आली, माझेही त्यातलेच. बाप्तिस्म्याने नाव बदलले, तरी गावाने जात लक्षात ठेवली, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलित वगळले गेले ते आजतागायत. म्हणून जब्याचा दगड माझ्या आजोबांच्या हातून सुटल्यासारखा वाटतो आणि माझ्याच कपाळावर बसतो. क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याने द्यायची असते. तिची मागणी ज्याने नुकसान केले त्याच्याकडून, किंवा माझ्यासारख्या मध्यस्थाकडून, घाईने येऊ लागली की समजावे की भरपाईचा विषय टाळायचा आहे. तरुणांच्या त्या सभेत मी हे बोललो नाही, याची मला खंत आहे.

पश्चात्ताप झालेल्यांना जगू देणारा एक चित्रपट आपल्याकडे आहे, आणि तो एका मराठी माणसाने 'मदर इंडिया'च्याच वर्षी, १९५७ साली केला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ'. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना भिंतीबाहेर नेतो, ओसाड माळ कसायला लावतो आणि त्यांच्यावर पहारा म्हणून फक्त आपली नजर ठेवतो. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ झालेला स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीचा खराखुरा प्रयोग आहे. त्या कैद्यांचा पश्चात्ताप एका रडण्यात संपत नाही, तो नांगरटीत, पेरणीत, बाजारात रास्त भावाने भाजी विकण्यात महिनोन् महिने चालतो, आणि मधे ते घसरतातही. प्रायश्चित्त म्हणतात ते मला पडद्यावर इतक्या तपशिलाने दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. शेवटी पीक तुडवायला सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरतो. म्हणजे मृत्यू इथेही आहे, फक्त तो उलट्या बाजूला पडला आहे: निरपराध माणूस जातो आणि अपराधी मागे राहतात. गुड फ्रायडेला बरब्बा सुटतो तो असाच. तुरुंगातून बाहेर पडल्यावर बरब्बाने काय केले हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही, पण शांतारामांनी सहा बरब्बांची गोष्ट सांगितली असे मी समजतो.

यात मी माझी श्रद्धा ओढूनताणून घुसवतो आहे असे कोणाला वाटले, तर एक माहिती नोंदवतो. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, तसेच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना परदेशातल्या कॅथलिक परीक्षकांना आपली वाटली असावी. आणि तरीही व्हॅटिकनच्या १९९५ च्या त्या ४५ चित्रपटांच्या यादीत तो नाही. यादीत 'गांधी' आहे, पण त्याचे दिग्दर्शक इंग्रज. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट तिथे नाही. रोमच्या यादीवर टीका करण्याइतका मी मोठा नाही, तरी ती करणाऱ्यांनी आपल्याच लोकांनी दिलेला पुरस्कार एकदा उघडून पाहायला हवा होता, असे मला वाटते.

हा चित्रपट मी पुढच्या सभेत तरुणांना दाखवला. काळापांढरा पाहून निम्मे पहिल्या अर्ध्या तासातच फोनमध्ये गेले. प्रश्न विचारणारी मुलगी शेवटपर्यंत बसली आणि उठताना म्हणाली, "पण अंकल, हे जेल रोडला शक्य आहे का?" आम्ही राहतो त्या भागाचे नावच जेल रोड आहे. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाची भिंत मी रविवारी मिस्सेला जाताना आणि येताना पाहतो, आणि बंदिवानांची विचारपूस हे दयाकृत्य आपल्याला पाठ असूनही त्या भिंतीच्या आत आपण कधी गेलेलो नाही, हे मला तिच्या प्रश्नाने आठवले.

आत मी अजूनही गेलेलो नाही. गणपतीच्या आधी मात्र शेजारच्या काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी मला कैद्यांनी घडवलेल्या मूर्तींच्या विक्रीकेंद्रावर पाठवले. त्या दरवर्षी तिथूनच मूर्ती आणतात. काकूंनी सांगितलेल्या मापाची शाडूची मूर्ती निवडून मी पावती केली. खोक्यात भुसा भरून ती बसवून देणारा मनुष्य कैदी होता की कर्मचारी हे मला कळले नाही आणि विचारायचे धाडस झाले नाही. त्याने मूर्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मागनं धरा, साहेब. सोंडेचा रंग वाळलाय, पाठीचा अजून ओला आहे." मी मागून धरली. घरी पोहोचेपर्यंत तो रंग माझ्या दोन्ही तळव्यांना लागला होता.